ऊसतोडीच्या हंगामात आई आणि मुलाचा आहार : सभासदांसाठी एक पाठ



सभासद शिक्षणाच्या या पानावर आजवर आपण बेणे, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या आणि माती परीक्षण असे विषय घेत आलो. या खेपेचा विषय पिकाचा नाही, तो माणसाचा आहे. पण आपल्या उसाशी त्याचा संबंध इतका जवळचा आहे, की तो येथे घेतल्याशिवाय राहवत नाही. विषय असा : गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा वर्षांच्या आतले मूल यांच्यासाठी सरकारची पोषण आहाराची जी सोय आहे, ती आपल्या फडात उतरलेल्या टोळीपर्यंत पोहोचते काय? आणि पोहोचत नसेल तर आपण सभासदांनी काय करावे?

पाठाच्या शेवटी काही प्रश्न दिले आहेत. गट ऑफिसवर अगर सोसायटीच्या ओट्यावर चारजण जमतील तेव्हा त्यावर जरूर बोलावे.

१. हा विषय आपला कसा?

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी-शेवगावचा भाग, अशा कोरडवाहू मुलखातून माणसे निघतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या भागांत, काही तर थेट कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. म्हणून दोघांनाही राबावे लागते. मूल लहान असेल तर ते गावी ठेवता येत नाही, सोबत येते. बाई पोटुशी असली तरी कोयता मोडत नाही, तीही येते.

आपण आपल्या शेतात ऊस तोडताना बाप्या पाहतो, बाई पाहतो. बांधावर पाचटाच्या सावलीत फडक्यात गुंडाळलेले एक मूल असते आणि त्याच्यापाशी सात-आठ वर्षांची थोरली बहीण बसलेली असते, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. टोळी पहाटे अंधारात फडावर गेलेली असते. रात्रीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कोरा चहा यावर दुपारपर्यंत चालते. गाडी भरायची वेळ रात्रीअपरात्री कधीही येते. या धबडग्यात मुलाला वेळच्या वेळी कोण भरवणार?

या मुलांचे आपल्याशी नाते काय, असे कोणी विचारेल. नाते एवढेच, की त्यांच्या आई-बापाने तोडला नाही तर आपला ऊस गव्हाणीपर्यंत जात नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा पहिला साखर कारखाना सुरू झाला, त्यामागचा विचार असा होता, की ज्याचे कष्ट त्याला त्याचे फळ मिळावे. त्या विचाराची हद्द आपल्या शेअरच्या दाखल्याशी संपते, असे मानायचे कारण नाही.

२. हजार दिवसांचा हिशेब

वैद्यकशास्त्र सांगते, की गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे. ते मोजले तर साधारण एक हजार भरतात. मेंदूची बरीचशी वाढ या काळात होते. हाडांचा आणि उंचीचा पायाही याच काळात पडतो. या दिवसांत राहिलेली उणीव पुढे कितीही खाऊ घातले तरी पुरती भरून निघत नाही. ऊसवाल्याला हे उमजायला जड जाऊ नये. लागणीनंतर फुटवे यायच्या वेळी ज्या उसाची उपासमार झाली, त्याला पुढे खताचे डोस कितीही दिले तरी टनेज भरत नाही, हे आपण जाणतोच.

आता हे हजार दिवस हंगामाशी लावून पाहू. हजार दिवस म्हणजे सुमारे तेहेतीस महिने. गाळपाचा हंगाम चार ते पाच महिन्यांचा धरला, तर दर वर्षी घरातून फडावर येणाऱ्या बाईच्या मुलाचे या तेहेतीस महिन्यांतले नऊ ते पंधरा महिने फडातच जातात. म्हणजे हजारातले साधारण पावणेतीनशे ते साडेचारशे दिवस! आईच्या पोटातले काही आणि बाहेरचे काही. गावच्या अंगणवाडीने उरलेल्या दिवसांत कितीही चांगले काम केले, तरी एवढी मोठी खाच मध्ये राहिली तर त्याचा उपयोग किती होणार?

हा प्रश्न केवळ तोडणी कामगारांचा आहे, असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतल्या मुलांपैकी शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि शेकडा ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. यात आपल्या बागायती गावांतल्या लेकी-सुनाही आल्या. तेव्हा हा पाठ कोपीसाठी जितका आहे, तितकाच तो आपल्या माजघरासाठीही आहे.

३. अंगणवाडी काय देते?

अंगणवाडी हा शब्द मूळ आपल्या मराठी मुलखातला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरिबाचे मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, असा त्यांचा विचार होता, आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत प्रायोगिक म्हणून सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव पडले. आज गावोगाव अंगणवाडी आहे.

अंगणवाडीतून सहा सेवा मिळाव्यात, असे ठरलेले आहे : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याकडे पाठवणी, बायकांना आहार व आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण. यांपैकी आहाराची सोय नीट समजून घेऊ.

(अ) सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा आहार पाकिटातून मिळतो.

(आ) तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळची न्याहारी आणि गरम शिजवलेले जेवण मिळते.

(इ) गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने पाजणाऱ्या आईला आहार मिळतो.

(ई) फार कमी वजनाच्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलाला जादा आहार मिळतो.

२०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाल्यापासून ही सोय मेहेरबानीची राहिलेली नाही, ती कायद्याने दिलेला हक्क झाली आहे. या कायद्याबरोबरच्या मूळ तक्त्यात मुलासाठी रोज ५०० कॅलरी, तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० आणि गरोदर व पाजणाऱ्या आईसाठी ६०० कॅलरी असे माप घातलेले होते. आहार वर्षातून किमान ३०० दिवस द्यावा, असा योजनेचा दंडक आहे. त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

यात दारिद्र्यरेषेची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात स्पष्ट सांगितले, की या योजनेसाठी दारिद्र्यरेषेचा निकष लावू नये. त्याच आदेशात ठेकेदारांना दूर ठेवून आहाराचे काम गावपातळीवरील महिला मंडळे व बचत गटांकडे द्यावे, असेही म्हटले होते. चार बायकांनी एकत्र येऊन गावच्या पोरांसाठी रांधायचे, ही सहकाराचीच रीत झाली.

कुपोषण हटत नाही, असे म्हणून हात टेकणाऱ्यांना आम्ही एक दाखला देऊ. २००५-०६ साली महाराष्ट्रात दोन वर्षांच्या आतल्या मुलांपैकी शेकडा ३९ मुले खुजी होती. २०१२ साली राज्यात स्वतंत्र पोषण पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण शेकडा २३ वर आलेले दिसले. २००५ पासून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे काम याच हजार दिवसांवर भर देऊन चालले होते. मनावर घेतले तर सात वर्षांत एवढा फरक पडू शकतो.

४. मग घोडे अडते कोठे?

घोडे अडते ते असे. बाईचे नाव बीड जिल्ह्यातल्या तिच्या गावच्या अंगणवाडीत आहे. दिवाळीनंतर ती इकडे येते. तिकडच्या सेविकेच्या वहीत तिच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो. इकडच्या सेविकेला ती आल्याचे ठाऊक नसते. अंगणवाडीला आहार येतो तो नोंदलेल्या लाभार्थींच्या संख्येवर. नाव नाही म्हणून मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून पाकीट नाही. कायद्याने हक्क दिला, पण हक्काला पाय नाहीत. तो आपोआप फडात चालत येत नाही. कोणीतरी त्याला हाताला धरून आणावे लागते.

सरकारने या अडचणीवर काही उपाय केले आहेत. १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाची मोबाईलवरची नोंदवही देशभर सुरू झाली. तिच्यात लाभार्थीचे नाव एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत घेण्याची सोय आहे. आपल्या राज्याच्या महिला व बालविकास विभागानेही स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी वेगळी प्रणाली काढली. या सोयी चांगल्याच आहेत. पण बटण दाबण्याआधी सेविकेला कळायला हवे ना, की अमक्याच्या मळ्यात टोळी उतरली आहे आणि तीत दोन बायका पोटुशा आहेत!

हे कोणाला आधी कळते? ज्याच्या शेतात तोड लागली त्याला. त्याच्या खालोखाल चिटबॉयला आणि शेतकी खात्याच्या माणसाला. कारखान्याच्या दप्तरी मुकादमाचे नाव असते, कोयत्यांची संख्या असते, वाहनाचा नंबर असतो. सगळी माणसे मोजलेली असतात, फक्त मुले तेवढी मोजलेली नसतात. या पाठात सांगायची मुख्य गोष्ट हीच : अंगणवाडी आणि कोपी यांच्यामधला तुटलेला दुवा सभासदच जोडू शकतो, आणि त्याला त्यासाठी पैसा लागत नाही, निरोप लागतो.

५. टोळी उतरल्यावर करावयाची कामे

पहिले काम मोजणीचे. टोळी आली की मुकादमाकडून नव्हे, तर शक्यतो आपल्या घरातल्या बाईमाणसाकडून चौकशी व्हावी. कोपीतली बाई परक्या पुरुषापुढे बोलणार नाही, आपल्या आईपाशी, वहिनीपाशी बोलेल. चार गोष्टी लिहून घ्याव्यात : गरोदर किती, पाजणाऱ्या किती, तीन वर्षांच्या आतली मुले किती आणि तीन ते सहा वर्षांची किती. एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच हा मजकूर आहे.

दुसरे काम निरोपाचे. ही यादी गावच्या अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना द्यावी. बाईकडे माता व बाल संरक्षण कार्ड असेल तर ते दाखवायला सांगावे. त्यावर वजन, लस, गोळ्या सारे नोंदलेले असते. कार्ड गावी राहिले असेल तर घरच्यांकडून मोबाईलवर फोटो मागवता येतो. कागद नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, हे सेविकेलाही गोडीने सांगावे. ती आपल्याच गावची लेक किंवा सून असते. काही अडलेच तर पर्यवेक्षिका, आणि तिच्यावर तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयात बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. सरपंचांनी आणि संचालकांनी तेथवर शब्द टाकावा.

तिसरे काम अड्ड्याची जात ओळखण्याचे. गाडी सेंटर आणि टायर सेंटरची माणसे बहुधा कारखान्याजवळ एका अड्ड्यावर हंगामभर मुक्काम करतात. डोकी सेंटरची टोळी मात्र तोडीप्रमाणे एका गावातून दुसऱ्या गावात सरकत राहते. दोघांना एकच उपाय लागू पडणार नाही.

अड्डा मोठा असेल तर तेथेच अंगणवाडी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला, की ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आता हे तीन महिने ध्यानात घ्या. दिवाळीत अर्ज केला तर अंगणवाडी येईतो महाशिवरात्र येईल आणि पट्टा पडायची वेळ होईल. म्हणून गेल्या हंगामातली अड्ड्याची यादी जोडून अर्ज श्रावणातच जायला हवा. हे काम एकट्या सभासदाचे नव्हे, ते कारखान्याच्या शेतकी खात्याचे आणि ग्रामपंचायतीचे मिळून आहे.

डोकी सेंटरच्या टोळीला जवळच्या गावची अंगणवाडी हाच मार्ग. तीन वर्षांच्या आतल्या मुलांची आणि आयांची पाकिटे एकदम घेता येतात, त्यामुळे रोज जाण्याची गरज नाही. पण टोळी हलण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या गावच्या सेविकेला फोन गेला पाहिजे. पुढच्या गावात ज्याचा ऊस आहे त्या सभासदाने हा निरोप पुढे न्यावा. चिठ्ठी जशी फडाबरोबर पुढे सरकते, तशी मुलांची यादीही सरकावी.

चौथे काम मुलाला पोहोचवण्याचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जेवण अंगणवाडीतच मिळते, आणि तेव्हा त्याची आई फडात असते. मळा गावापासून दोन किलोमीटरवर असेल तर पोर एकटे कसे जाणार? आपली दुधाची गाडी, मोटारसायकल, शाळेला जाणारी आपली मुले यांच्याबरोबर ही पोरे अंगणवाडीच्या दारापर्यंत जाऊ शकतात. धाकट्याला सांभाळायला शाळा बुडवून मागे राहिलेली बहीणही मग मोकळी होते, हा दुहेरी फायदा आहे.

पाचवे काम पाण्याचे. आहार कितीही दिला तरी पोराला जुलाब लागले की सारे वाहून जाते. टोळीला कालव्याचे अगर पाटाचे पाणी प्यायला न देता बोअरचे अगर नळाचे पाणी द्यावे आणि पाण्यात औषध टाकून घ्यावे. जुलाब लागल्यास मीठ-साखर पाणी अगर ओआरएस लगेच सुरू करावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन त्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्यात.

सहावे काम हंगामाच्या शेवटचे. टोळी परत जाताना कार्डावरच्या नोंदी पुऱ्या करून ते बाईच्या हाती द्यावे आणि तिच्या गावच्या सेविकेला कळवावे. नाहीतर परतीच्या वाटेवर पुन्हा तीच खाच पडेल.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी टोळीला सांगण्यासारख्या आहेत. एक, रेशन. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावरचे धान्य कोणत्याही गावच्या दुकानात अंगठा देऊन घेता येते. काही धान्य गावी म्हाताऱ्यांनी आणि काही येथे, असेही घेता येते. दोन, प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पात्र बाईला पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये एकदम मिळतात. त्यासाठी गरोदरपणाची नोंद वेळेत व्हावी लागते. फडात असल्यामुळे नोंद राहिली आणि पैसे बुडाले, असे होऊ देऊ नये.

६. काय खावे, किती खावे?

आता ताटाकडे वळू. कष्टाचे काम करणाऱ्या बाईला रोज सुमारे २,७०० कॅलरी लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०२० चे मापन आहे. गरोदरपणात त्यावर ३५० आणि पहिले सहा महिने पाजताना त्यावर ६०० कॅलरी जास्त लागतात. भाकरीच्या भाषेत सांगायचे तर शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३५० कॅलरी असतात. म्हणजे पोटुशीला रोजच्यापेक्षा एक मोठी भाकरी जास्त आणि ओल्या बाळंतिणीला पावणेदोन. पण नुसती भाकरी वाढवून भागत नाही. जोडीला डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडे, दूध, पालेभाजी असे काही हवे. बांधावरच्या शेवग्याचा पाला फुकट आहे आणि चांगला आहे. टोळीला तो तोडायला मोकळीक द्यावी.

रक्तवाढीच्या गोळ्या गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यातून त्या फुकट मिळतात. गोळी घेतली की लगेच चहा पिऊ नये, चहाने गोळीतले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेले जेवण चालेल. शौचाला काळे होते म्हणून गोळ्या टाकून देऊ नयेत, तसे होणारच.

बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले चिकाचे दूध काढून टाकू नये, ती त्याची पहिली लस आहे. सहा महिने फक्त आईचे दूध, वरून पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. सहा महिने पुरे झाले की दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे : मऊ वरणभात, कुस्करलेली भाकरी दुधात, नाचणीची पेज, उकडलेले अंडे, केळे, वर थोडे तेल किंवा तूप. आधी दोन-तीन वेळा, नववा महिना लागला की तीन-चार वेळा. बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे असते, एकदम भरवून चालत नाही.

पाजायला आई बाळाजवळ असावी लागते. फडात दर दोन-तीन तासांनी पाजायला पंधरा-वीस मिनिटे सोडली तर तोड काही थांबत नाही. मुकादमाला हे मालकाने सांगितले तर तो ऐकतो. आईने सांगितले तर ऐकेलच असे नाही. सावलीला एखादी ताडपत्री आणि एक खाट देणे तर कोणालाही जमेल.

एक गोष्ट आम्ही साखर कारखान्याची माणसे असूनही, किंबहुना म्हणूनच, स्पष्ट सांगतो. मूल रडले की त्याला गोड चहात बिस्कीट बुडवून द्यायची चाल कोप्यांतही आहे आणि आपल्या घरांतही. त्याने भूक मरते आणि अंगी काही लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखरेची गरज नाही. आपला माल खपावा म्हणून तान्ह्या पोराच्या तोंडात तो घालणे हा व्यवहार नव्हे.

मूल कमी पडते आहे हे कसे ओळखावे? सेविकेकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल धोक्यात आहे, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. साडेअकरा ते साडेबारा भरला तर जादा लक्ष हवे. दोन्ही पायांवर सूज आली असेल तर पट्टी पाहतही बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

७. नेहमी निघणाऱ्या शंका

‘त्यांना दिले तर आपल्या गावच्या पोरांचे कमी होईल.’ तसे होत नाही. नोंद झाली की मागणी वाढते आणि मागणीप्रमाणे आहार वाढून येतो. सुरुवातीला थोडे मागेपुढे होऊ शकते, म्हणूनच हंगामाच्या आधी कळवायचे. न नोंदता वाटले तरच कमी पडेल.

‘त्यांच्याशी आपला करार ऊस तोडण्याचा, पोरे सांभाळण्याचा नाही.’ करार नाही, हे खरे. पण तोडणी कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, असे त्याच्या निधीचे सूत्र ठरले. म्हणजे आपल्या उसाच्या प्रत्येक टनाशी या कामाची गाठ आधीच मारलेली आहे. पैसा एका दाराने जातो आणि मूल दुसऱ्या दारात उपाशी राहते, असे झाले तर तोटा दोघांचाही.

‘पोटुशी बाई कामाला येतेच कशाला?’ उचलीमुळे येते. तिला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. आठवा-नववा महिना असेल तर तिच्या डोक्यावर मोळी देऊ नका, असे मुकादमाला सांगणे आपल्या हाती आहे, तेवढे करावे.

‘आमच्या घरात कुठे कुपोषण आहे?’ घरात अन्न असणे वेगळे आणि सुनेच्या ताटात ते पडणे वेगळे. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. दूध डेअरीला जाते, अंडी बाजाराला जातात. आपली सूनही गावच्या अंगणवाडीत नाव घालू शकते. त्यात कमीपणा नाही. आणि पाकीट आणले तर ते तिच्या आणि बाळाच्याच पोटात जावे, म्हशीच्या आंबोणात नव्हे!

८. समारोप आणि चर्चेसाठी प्रश्न

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण असलेली वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्या वेळी कामावर पोरांना सुकडी वाटली जाई, ती हातात घेऊन किती जण जगले, हे ते सांगतील. तेव्हा सारा मुलूखच उपाशी होता. आज एका बाजूला कालव्याचे पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच बांधावर पाचटाखाली झोपलेले मूल आहे. त्याच्यासाठी आहार मंजूर आहे, कायदा आहे, सेविका आहे. कमी आहे तो फक्त निरोप. येत्या हंगामात आपल्या फडात कोयता पडेल त्या दिवशी तो निरोप आपल्या घरातून निघावा, एवढी विनंती.

प्रश्न :

(१) गेल्या हंगामात आपल्या शेतात आलेल्या टोळीत सहा वर्षांच्या आतली मुले किती होती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

(२) आपल्या गावच्या अंगणवाडीपासून टोळी उतरते ती जागा किती लांब आहे? मुलांना नेण्या-आणण्याची सोय कोणाकडून होईल?

(३) कारखान्याच्या तोडणी नोंदवहीत गरोदर, पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांचे रकाने घालावेत, असा ठराव गट सभेत मांडता येईल काय?

(४) आपल्या गटात चाळीस मुलांचा अड्डा आहे काय? असल्यास श्रावणापूर्वी अर्ज कोणी करावा?

(५) आपल्या घरात गरोदर अगर बाळंतीण असेल तर ती दिवसाकाठी काय आणि केव्हा जेवते?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर सभेत दिले नाही तरी चालेल, घरी जाऊन शोधावे.